नायदेनोवांचं कूळ

दोब्रिनसाठी कालिनाला मागणी घालायला मी आणि माझी बहीण रादका गेलो होतो. दोब्रिन तिचाच मुलगा. कालिनाचे वडील हारालांपी चोर्बाजिएव यांनी राकिया या दारूचे पेले भरले, पण आमच्या पुढ्यात काही सरकवले नाहीत.

"आमचे पूर्वज चोर्बाजी, म्हणजे गावचे धनी. आडनावातच आहे ते," ते म्हणाले. "आणि तुम्ही नायदेनोव! नायदेनचे वंशज. नायदेन म्हणजे सापडलेला. कुणीतरी टाकलेलं पोर, रस्त्यावरून उचललेलं. ना कूळ, ना मूळ. असलं आडनाव माझ्या मुलीनं लावायचं?"

"खरंय," रादका म्हणाली. "माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा चर्चच्या पायरीवर सापडले. एका विधवेनं त्यांना घरी नेलं."

"घ्या! बाई स्वतःच कबूल करतेय!" हारालांपी खदाखदा हसले.

कालिनाने हातातलं चीज भरलेल्या बानित्साचं ताट टेबलावर आदळलं. "बाबा, मी दोब्रिनशीच लग्न करणार."

"मग आत्ताच्या आत्ता चालती हो! पण या दाराबाहेर पाऊल टाकलंस, तर तू माझी कुणी नाहीस. मेलीस असं समजेन."

कालिना दाराशी जाऊन बूट घालू लागली, पण घाईत तिला बंद बांधता येईनात. रादकाने खाली बसून ते बांधले आणि स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर टाकला.

"चल पोरी," हारालांपींकडे न बघताच ती म्हणाली. "आमच्या घरात माणसं अशीच येतात."