मागची ओळ

आईबाबांनी अबोला धरला, तेव्हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या लेकीने शक्कल लढवली. "तोंडाने बोलायचं नसेल, तर कॉम्प्युटरवर एकेक ओळ लिहा, माझा प्रोग्रॅम ती फाइलमध्ये साठवेल." आठवड्याने तिने फाइल उघडली, तर आत एकच ओळ: ‘चहा झाकून ठेवलाय.’ ती चक्रावली. बाबा म्हणाले, "मी तर हिला चांगलं झापलं होतं!" आई फणकारली, "मी काय गप्प बसले होते?" लेकीने कोड पुन्हा वाचला, तेव्हा घोळ सापडला. नवी ओळ शेवटी जोडण्याऐवजी प्रोग्रॅम दर वेळी मागचं पुसून फक्त तीच ठेवत होता. "एका अक्षराची चूक आहे, आत्ता दुरुस्त करते," ती ओशाळून म्हणाली. आईने कीबोर्ड ओढून घेत थेट बाबांना म्हटलं, "अहो, सांगा ना हिला, मागचं पुसलेलंच बरं!" लेकीला कळेना, आता दुरुस्त काय करायचं.