व्हय म्हाराजा

धर्माजींनी हात जोडले आणि हॉलमधली कुजबुज थांबली. आरती नुकतीच संपली होती. भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांत वीस-बावीस माणसं दाटीने उभी होती, काही स्वयंपाकघराच्या दारात, काही बाहेर जिन्यात. रत्नागिरी सोडून तीस वर्षं झाली होती, तरी गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या मोठ्या पुरुषाने आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा, हे या घरात बदललं नव्हतं.

"हे बा गणपती म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने शेवंतीआजी, धर्माजींची आई. ती खुर्चीवर डोळे मिटून बसली होती.

धर्माजींची सून, नीलेशची बायको संपदा, जेवणाच्या टेबलाला टेकून उभी होती. टाळ वाजायला लागले तशी तिची नऊ वर्षांची रसिका टेबलाखाली गेली होती. कानांवर जाड हेडफोन लावून ती चमचे ओळीत मांडत होती, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. कुणी लाडाने तिला ओढून बाहेर काढू नये म्हणून संपदा तिथून हलत नव्हती.

"माझ्या नीलेशची नोकरी सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"पुतण्याचं, स्वप्नीलचं, यंदा तरी जमू दे. डोक्यावर चार केस हायत तवर."

हशा पिकला. "व्हय म्हाराजा," स्वप्नील स्वतःच ओरडला.

संपदा हसली नाही. पुढे काय येणार ते सासूने सकाळी मोदक वळताना तिला सांगितलं होतं. विसर्जन झालं की रसिकाला गावच्या घरी ठेवायचं. तिथला भगत बघेल. "तुझ्या सासऱ्यांना बघवत नाही गं तिच्याकडे," सासू म्हणाली होती. "खालच्या मजल्यावरचे लोक रोज वर येऊन बोलतात. आणि एकदा देवासमोर सगळ्यांनी व्हय म्हटलं, की मग नीलेशला नाही म्हणता येणार नाही." नीलेश तिथेच बसून केळीची पानं पुसत होता. त्याने पुढचं पान ओढलं होतं.

"आणि देवा," धर्माजींचा आवाज जड झाला, "ह्या रसिकाचं... आमच्या घराण्याचं काय चुकलंमाकलं असंल, कुणाचं काय द्यायचं राह्यलं असंल..." ते खाकरण्यासाठी थांबले.

"हे बा म्हाराजा," संपदा म्हणाली.

माना वळल्या. बाईने गाऱ्हाणं घातलेलं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"ही माझी रसिका. बोलत नाही. पण गेल्या महिन्यात तिला तहान लागली, तेव्हा तिने पाण्याचं चित्र शोधलं आणि माझ्या हातावर आणून ठेवलं. तेवढं शिकवायला शाळेतल्या बाईंना दोन वर्षं लागली."

"संपदा," सासू दबक्या आवाजात म्हणाली.

"नीलेश, आवर तिला," मागून कुणीतरी म्हणालं. नीलेश जागचा हलला नाही.

"तिला ऑटिझम आहे, म्हाराजा. तो कुणी केलेला नाही. कुणाचं काही चुकलं म्हणून आलेला नाही, आणि भगताने उतरवायला ते भूत नाही. आपण ऐकतो त्याच्या दसपट तिला ऐकू येतं, म्हणून ती ओरडते. ती इथेच राहील. तिच्या शाळेत जाईल. खालच्यांना त्रास होत असेल तर खालच्यांशी मी बोलेन, आणि भांडायचं तर भांडेन. आणि ज्यांना ती नऊ वर्षांत कळली नाही, त्यांना तेवढी अक्कल दे."

तिचा श्वास संपला. ती थांबली.

"व्हय म्हाराजा," शेवंतीआजी म्हणाली.

आजीच्या मागोमाग म्हणायचं ही सगळ्यांची जन्माची सवय. वीस-बावीस गळ्यांतून एकदम निघालं, "व्हय म्हाराजा." स्वप्नीलच्या, सासूच्या, जिन्यातल्यांच्यासुद्धा. म्हणून झाल्यावर ते एकमेकांकडे बघायला लागले.

धर्माजी वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "हे धरायचं नाय. बाईमाणसाचं गाऱ्हाणं लागत नाय."

"होकार पुरुषांनीही दिलाय, बाबा," नीलेश म्हणाला. "मीपण दिलाय."

"तू गप रे." ते आईकडे वळले. "आणि आये, तू काय म्हणून व्हय म्हटलंस? ती काय बोलली ते तुला कळलं तरी काय?"

आजीने डोळे उघडले.

"साठ वरसं तुझ्या बापाला नि तुला न कळता व्हय म्हटलं. आज कळून म्हटलंय."

टेबलाखाली एक चमचा दुसऱ्या चमच्याला लागल्याचा आवाज आला.

"देवानं ऐकलान," आजी म्हणाली. "आता नारळ वाढव."

धर्माजींनी देवासमोरचा नारळ उचलला आणि पाटाजवळच्या दगडावर आपटायला ते वाकले.

"हितं नको," आजी म्हणाली. "पोरीला आवाज सोसत नाय. भायेर जा."

धर्माजी तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले. दारातल्या माणसांनी अंग चोरून वाट दिली, आणि घरातला मोठा पुरुष एका हाताने सोवळं सावरत, दुसऱ्या हातात नारळ धरून जिना उतरायला लागला.