पायाचा दोष

फडकं पिळून पिळून सुनेच्या बोटांना सुरकुत्या पडल्या, तरी मागच्या खोलीतलं पाणी हटेना. वरून एक थेंब गळत नव्हता. छत ठणठणीत. पाणी यायचं ते खालून, भिंत आणि फरशी मिळतात त्या फटीतून, चोरासारखं. पुसलं की पुन्हा हजर. लाकडी कपाट बुडातून फुगलं होतं. गादी दोन खुर्च्यांवर चढवून ठेवली होती.

सासू उंबऱ्यात उभी राहून बघत होती. “पुसतेयस की जमीन कुरवाळतेयस? ऊठ आता, पाठ धरेल.”

तिच्या तोंडून माया यायची तीही काट्यांसकट. सुनेने फडकं पुन्हा पिळलं. उन्हाळ्यात नवरा गेला, तेव्हापासून ती कमीच बोलायची.

तिच्या भावाचा मात्र रोज फोन यायचा. गडी फोनवर असा बोलायचा, जणू मधे नदी आहे. “तिथं आता कुणासाठी राहतेस?” हे सासूला स्वयंपाकघरात ऐकू जायचं. “बघते,” सून म्हणायची. त्या एका ‘बघते’वर म्हातारीचा जीव टांगलेला असे. एकुलता एक मुलगा गेला. आता घरात आई म्हणून हाक मारणारी ही एवढीच उरली होती. जाऊ नकोस, एवढंच तिला सांगायचं होतं. पण जन्मात कुणापुढं मान न तुकवलेली बाई ती. शब्द घशापर्यंत यायचे आणि ‘आज भाजीत मीठ कमी आहे’ होऊन बाहेर पडायचे.

म्हणून तिने गवंडी बोलावला. सुनेची खोली कोरडी झाली, की सून राहील. साधा हिशोब.

पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा गवंडी आला. घराच्या मागे जाऊन त्याने पहारीने भिंतीलगतची माती उकरली, खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मान हलवली. जन्मभर हातोड्याचे घाव ऐकून तो अर्धा बहिरा झाला होता. बहिऱ्याचं असतं तसं, स्वतःही ओरडूनच बोलायचा.

“मावशी, आतून रंग फासून काही व्हायचं नाही! दोष पायाचा आहे!”

“ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे!” सासू त्याच्या वरताण ओरडली. शहाणपणात तिच्या पुढं कुणी गेलेलं तिला खपत नसे. “पण माझं ऐकतो कोण? मुलगा आपला म्हणायचा, राहू दे आई, घे चालवून. घेतलं चालवून! आता तो गेला. हा पायाचा दोष एकदाचा घरातून घालवते, मग मी डोळे मिटायला मोकळी!”

गवंड्याला चहा पाजून, काम ठरवून, चिखलाने भरलेले पाय धुऊन ती आत आली. आज बातमी चांगली होती. आज तोंडून मीठ निघणार नव्हतं.

मागच्या खोलीत सून कपडे बदलून उभी होती. शेजारी बॅग. चेन लावलेली.

“हे काय?”

“भावाला बोलावलंय. पोचेलच.”

“अशी अचानक? कुणी चावलं का तुला?”

“दोष घरातून घालवायचा म्हणालात ना,” सून म्हणाली. “त्याला गवंडी कशाला? मी आपली चालत जाते.”

सासूला काही उमगेना. मग तिची नजर उघड्या खिडकीकडे गेली. खिडकीच्या बरोबर खाली खड्डा होता. तिने कपाळावर हात मारला.

“अगं खुळे! पाया! घराचा पाया! या भिंतीखालचा! तो मेला काय तुझी पावलं तपासायला आला होता? ये, बघ इथून.”

सून खिडकीशी गेली. वाकली. उकरलेली माती, उघडे पडलेले दगड, दगडांच्या सांध्यांतून झिरपणारं गढूळ पाणी. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग ती हसलीच. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. ते बघून सासूला हसू फुटलं. दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या, सासूच्या डोळ्यांतून पाणी येईतो.

“सोड ती बॅग,” डोळे पुसत सासू म्हणाली. “आणि भावाला सांग, सासूचं तोंड फाटकं आहे, पण मनात काही नसतं तिच्या.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

सुनेचं हसू थांबलं. तिने बॅग उचलली.

“अगं, सांगितलं ना तुला! घराच्या पायाचं बोलत होते मी!”

“पटलं मला, आई.” सुनेच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सासूला बोलता आलं असतं. “आज घराच्याच पायाचं बोललात. यांना इथून उचलून नेलं, त्या दिवशीही तुम्ही ‘पायाचा दोष’ हेच म्हणाला होतात. तेव्हा तर घर कोरडं होतं.”