भिंतीवरचा सायकलवाला

रात्री सायकल चालवायला मी स्वस्तातली बॅटरी घेतली, म्हणून मेव्हणा हसला. मी त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत नेलं. "आधी पल्ला बघ, मग बोल!"

बटण दाबताच मैदानापलीकडची गोदामाची भिंत लख्ख उजळली. माझी छाती फुगली.

"मानलं, दाजी. पण तो सायकलवाला कोण?"

भिंतीवर पायडल मारणारी सावली होती. मधलं मैदान रिकामं होतं.

"बघ, एवढ्या लांबूनसुद्धा कड किती रेखीव!" मी म्हणालो.

सावली वाढत गेली. भिंतीत मावेना.

"दाजी, बंद करा," तो कुजबुजला. "बॅटरीजवळ येणाऱ्याचीच सावली अशी वाढते."

भिंत पूर्ण काळी झाली. बॅटरी माझ्या हातात चालूच होती.