हॉलिसची खुर्ची

हॉलिस आणि अर्लीन, नवरा-बायको दोघंही आपल्या कॉलेजच्या लाल संघाचे कट्टर भक्त. हाडवैरी नारिंगी संघाशी फुटबॉल मॅच एक वर्षाआड त्या संघाच्या गावात व्हायची, आणि तेव्हा हॉलिस एकटाच जायचा. "ते नारिंगीवाले अंगावर बिअर ओततात, अर्लीन. तू नकोच." त्या रंगाचा त्याला इतका तिटकारा, की घरात संत्रंसुद्धा येऊ द्यायचा नाही. अर्लीन त्याचा लाल शर्ट इस्त्री करून द्यायची. तिकडे त्याची कोणीतरी बाई आहे, याची तिला खात्रीच होती.

मार्चमध्ये हॉलिस वारला. नोव्हेंबरात त्याचीच जुनी पिकअप काढून ती तिकडे पोचली. एकदा त्या सटवीचं तोंड तरी बघू! मैदानाबाहेर गाड्यांमागे शेगड्या पेटल्या होत्या, मटण भाजत होतं. पिकअप दिसताच नारिंगी टोपीतला एक म्हातारा धावत आला.

"अरे, हॉलिसची गाडी! या वहिनी, त्याची जागा धरून ठेवलीय आम्ही."

तो तिला ज्या तंबूत घेऊन गेला, तिथे एकही बाई नव्हती. चार म्हातारे होते, आणि एक रिकामी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर हॉलिसचं नाव छापलेला नारिंगी शर्ट, वापरून वापरून विटलेला.

अर्लीनने तो शर्ट दोन बोटांच्या चिमटीत उचलून धरला.



"मेल्या, त्यापेक्षा बाई ठेवली असतीस तर परवडलं असतं रे!"