आरशाचं भांडण

तिच्या आईला आणि मावशीला, दोघींनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलायला जावं, तर चित्र मध्येच गोठायचं, मावशीचे हात हवेत अडकायचे आणि आई वैतागून फोन पालथा ठेवायची. आज नव्या ब्रॉडबँड कंपनीचा माणूस गावाबाहेरच्या घरापर्यंत केबल घेऊन आला. जोडणी झाल्यावर वेग तपासून तो तिला म्हणाला, "आकडा झकास आलाय." "आकड्याचं राहू द्या," ती म्हणाली. "आई तपासेल." आईने साशंक मनाने मावशीला कॉल लावला. मावशीचे हात सरसर चालू लागले, एकदाही न अडखळता. मग आईचेही सुटले. बघता बघता दोघी हमरीतुमरीवर आल्या. केबलवाला धास्तावला. "काही बिघडलं का?" "छे हो," ती डोळे पुसत हसली. "लहानपणी आरसा कोणी फोडला, यावरून जुंपलीय. आजवर हे भांडण पुरंच होत नव्हतं."