मोजून ठेवा

सांडपाण्यातला अमोनिया काढण्यात जिवाणूंचा वाटा किती, हे मी नव्या साहेबांना दाखवत होते. दोन बाटल्यांत एकच घाण पाणी होतं. त्यातल्या एकीत जिवाणूंचं काम थांबवणारं औषध टाकलं होतं. सहा तासांनी त्या बाटलीत अमोनिया होता तेवढाच राहिला, दुसरीतला जवळजवळ संपला.

"जो फरक पडला, तो त्यांचा वाटा," मी म्हणाले.

साहेब खूश झाले. मग त्यांचं लक्ष भिवराबाईंकडे गेलं. त्या शेजारीच, सांडपाणी केंद्रात शिरतं तिथल्या जाळीत अडकलेल्या चिंध्या दाताळ्यानं ओढत सगळं ऐकत होत्या.

"या बाईंचं इथं काय काम? यंत्रं आहेत की. मावशी, उद्यापासून येऊ नका."

भिवराबाईंनी दाताळं भिंतीला टेकवलं. "बरं. आठ दिस येत न्हाई. तुमी रोज मोजून ठिवा."

तिसऱ्या दिवशी जाळी तुंबली, पंप बंद पडला आणि घाण पाणी साहेबांच्या केबिनच्या पायरीला लागलं. चौथ्या दिवशी सकाळीच आमची जीप तलवाड्यात, भिवराबाईंच्या दारात. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"चला मावशी," साहेब म्हणाले. "कळला आम्हाला तुमचा वाटा."

भिवराबाईंच्या हातातलं सूप थांबलं नाही.

"लई घाई हाय तुमाला, साहेब. ही पोरगी सहा तास बाटलीपाशी बसली, मधी हात न्हाई लावला. अजून चार दिस हायेत. तुमी बी बसा."